शटर ओढायला सांगण्याआधी: राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
महाराष्ट्र राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, मुंबई.

विषय: साथीच्या काळात दुकानं बंद करण्याचे आदेश कसे निघतात त्याबद्दल.

महोदय,

चिंचवडगावात, चापेकर चौकापासून चालत पाच मिनिटांवर माझं सलून आहे. तीन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा, बाहेर एक बाकडं आणि बाकड्यावर रोजचे तीन पेपर. वीसहून जास्त वर्षं हे दुकान मी चालवतोय. त्याआधी वडील चालवायचे, तेव्हा खुर्ची एकच होती आणि तीही लाकडाची. 2020 आणि 2021 मध्ये टाळेबंदीचे जे आदेश निघाले त्यांना मी उघड विरोध केला. काळी फीत लावली, निवेदनं दिली, एकदा मनाई असताना शटर वर केलं आणि माझ्यावर गुन्हा दाखल झाला. त्या विरोधाची मला आजही लाज वाटत नाही. पण त्याच काळात मी एक गोष्ट अशी केली की तिची लाज वाटते. ती सांगितल्याशिवाय माझा विरोध तुम्हाला कळायचा नाही, म्हणून पाच वर्षं उलटून गेल्यावर हे पत्र लिहायला बसलोय.

आधी एक गैरसमज दूर करतो. कोरोना हे थोतांड आहे असं म्हणणाऱ्यांतला मी कधीच नव्हतो. 9 मार्च 2020 ला पुण्यात पहिले रुग्ण सापडले, त्या आठवड्यातच मी दुकानात मास्क लावायला लागलो. गिऱ्हाइकाच्या तोंडापासून माझं तोंड वीतभर अंतरावर असतं, त्यामुळे श्वासातून पसरणाऱ्या रोगाचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. 22 मार्चच्या जनता कर्फ्यूच्या आधीच मी शटर ओढलं होतं. 24 तारखेला रात्री आठ वाजता 21 दिवसांची घोषणा झाली तेव्हा आईने देवापुढे दिवा लावला आणि म्हणाली, "एकवीस दिवस काढू." मीही तेच म्हणालो. ते एकवीस दिवस आम्ही मनापासून पाळले.

मग 3 मे आला, मग 17 मे, मग 31 मे. दर वेळी तारीख पुढे गेली आणि दर वेळी नवी यादी आली: काय चालू, काय बंद. मेच्या पहिल्या आठवड्यात वाइन शॉप उघडली आणि त्यांच्यासमोरच्या रांगा मी माझ्या बंद दुकानाच्या पायरीवर बसून पाहिल्या. दारूवर माझा राग नाही. त्या रांगेतल्या माणसांवरही नाही. पण हे उघडायचं आणि ते बंद ठेवायचं हे कुठे ठरलं, कुणाला विचारून ठरलं, हा प्रश्न तेव्हा मनात शिरला तो अजून निघालेला नाही.

सलूनचा हिशेब बाहेरून दिसत नाही म्हणून सांगतो. माझं दुकान भाड्याच्या गाळ्यात आहे. तेव्हा भाडं महिन्याला सोळा हजार होतं. माझ्याकडे दोन कारागीर होते आणि दोघेही टक्केवारीवर, म्हणजे दिवसभरात जेवढं काम होईल त्यातलं निम्मं त्यांचं, निम्मं माझं. त्यांना पगार नाही, बंद दुकानात टक्केवारी शून्य. आणि आठवड्यात कमाईचा दिवस एकच, रविवार. सोमवार ते गुरुवार मिळून जेवढा गल्ला जमत नाही तेवढा रविवारी जमतो. आमच्या धंद्यात उधारी नसते, साठवलेला माल नसतो. किराणा दुकानदाराचं साखरेचं पोतं महिन्याने का होईना विकलं जातं, पण एप्रिलमध्ये न कापलेले केस जूनमध्ये दोनदा कापता येत नाहीत.

भाड्यासाठी एप्रिलमध्ये गाळामालकाने दम धरला, मेमध्ये अर्धं मागितलं, जूनमध्ये पूर्ण. त्याचंही घर त्या भाड्यावर चालायचं, त्याला दोष देत नाही. बायकोच्या पाटल्या गहाण ठेवल्या. कर्जाच्या हप्त्यांना सवलत मिळाली खरी, पण सवलतीच्या महिन्यांचं व्याज मुद्दलात चढलं ते मला पुढच्या वर्षी कळलं.

माझा एक कारागीर जिंतूरकडचा. एप्रिलच्या शेवटी तो मला न सांगता पायी निघाला. नगरच्या अलीकडे नाक्यावर अडवला, दोन दिवस एका शाळेत ठेवला, पुढे कुठल्याशा टेम्पोतून गावी पोहोचला. त्याचा फोन येईपर्यंत मी रात्री झोपलो नाही. आणि मग 8 मे उजाडला. जालन्याहून भुसावळकडे चालत निघालेले 16 मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले आणि मालगाडीखाली गेले. रुळांवर पडलेल्या भाकऱ्यांचा तो फोटो तुम्हीही पाहिला असेल. मला त्यात माझा कारागीर दिसला. त्या दिवशी ठरवलं की आता गप्प बसायचं नाही.

आम्ही चिंचवड-आकुर्डी भागातले पंचवीसेक सलूनवाले एकत्र आलो. आपापल्या बंद दुकानासमोर, एकमेकांपासून अंतर राखून, दंडाला काळी फीत लावून उभे राहिलो. हातात फक्त कात्री आणि कंगवा. घोषणा नाहीत. मग एक निवेदन लिहिलं, वकिली करणाऱ्या एका जुन्या गिऱ्हाइकाने ते टाइप करून दिलं. मागणी एवढीच होती: फोनवर वेळ ठरवून एकावेळी एकच गिऱ्हाईक घेऊ, दार-खिडक्या सताड उघड्या ठेवू, टॉवेल एकदा वापरून फेकू, खुर्ची दर गिऱ्हाइकानंतर पुसू, आणि प्रत्येकाचं नाव-नंबर वहीत लिहू म्हणजे कुणी बाधित निघालाच तर शोधता येईल. एका सरकारी कार्यालयात ते दिलं. आवक शिक्का मारून प्रत परत मिळाली. ती प्रत अजून माझ्याकडे आहे. उत्तर आलं नाही.

28 जूनपासून सलून उघडायला परवानगी मिळाली तेव्हा सोबतचे नियम वाचून मी बराच वेळ सुन्न बसून होतो. आधी वेळ ठरवून बोलवा, टॉवेल एकदाच वापरा, गिऱ्हाईक उठलं की खुर्ची निर्जंतुक करा. आमच्या मेमधल्या निवेदनात होतं तेच. 25 मार्चपासून 95 दिवस गेले होते. ते पहिले काही आठवडे बंदच ठेवायला हवे होते हे मला मान्य आहे. पण आमचं म्हणणं मेमध्ये कुणी वाचलं असतं तर निदान महिनाभर वाचला असता, आणि महिनाभर म्हणजे चार रविवार.

आता ती लाजेची गोष्ट.

दुकान बंद होतं, पण लोकांचे केस वाढायचे थांबले नव्हते. एप्रिल 2020 च्या मध्यापासूनच फोन यायला लागले. "घरी येऊन जा ना, कुणाला कळणार नाही." पहिले तीन-चार मी नाही म्हणालो. मग घरातला गॅस संपला आणि मी हो म्हणालो. मोठ्या सोसायटीत सुरक्षारक्षकाच्या वहीत येण्याचं कारण लिहावं लागायचं. मी लिहायचो, "नळदुरुस्ती". नळवाल्याला आत सोडत होते. पिशवीत वर पाना ठेवायचो, खाली कात्री, मशीन आणि कापड. आठव्या मजल्यावरच्या एका बाथरूममध्ये प्लास्टिकच्या स्टुलावर बसवून मी एकामागून एक पाच जणांचे केस कापले: बाप, आजोबा, दोन मुलं आणि शेजारचा एक. बाथरूमला हातभर रुंदीची काचपट्टीची खिडकी, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तीही लावलेली. पंखा नाही. मास्क लावून कानामागचे केस कापता येत नाहीत म्हणून त्यांनी मास्क काढले. आजोबा खोकत होते आणि त्यांची सून म्हणाली, त्यांना जुना दमा आहे.

माझ्या दुकानाचं दार बारा फूट रुंद आहे. शटर वर गेलं की दुकान आणि रस्ता यात फरक उरत नाही. तुमच्या आदेशाने मला त्या बारा फुटांतून उचललं आणि त्या बाथरूममध्ये नेऊन ठेवलं. कागदावर काम बंद होतं. प्रत्यक्षात ते उघड्यावरून कोंडलेल्या जागी गेलं आणि वही नसलेल्या ठिकाणी गेलं. मी एकटाच नव्हतो. आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. कुणी अर्ध्या शटरआड बल्ब लावून काम केलं, कुणी गच्चीवर, कुणी गोठ्यात. ज्या दिवशी तुम्ही आम्हाला बंद केलं त्या दिवशी आम्ही कुठे जाणार याचा विचार, जिथे आदेश ठरला त्या खोलीत कुणीच केला नाही, कारण आमच्यातलं त्या खोलीत कुणी नव्हतं. हे पत्र मी या एका वाक्यासाठी लिहितोय, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे.

पोलिसांबद्दल एक सांगायला हवं. त्याच एप्रिलमध्ये एका ठाण्यातून मला बोलावणं आलं. बंदोबस्तावरच्या लोकांचे केस मानेवर आले होते, टोपी नीट बसत नव्हती. आवारातल्या लिंबाच्या झाडाखाली खुर्ची टाकून मी सात जणांचे केस कापले. उघडी हवा, प्रत्येकानंतर खुर्ची पुसलेली, सगळे लांब लांब उभे. पैसे दिले त्यांनी, शिवाय चहा. एकजण म्हणाला, "तुमचं काम पण अत्यावश्यकच आहे की." कुठल्याच यादीत तसं कधी आलं नाही.

28 जूनला, रविवारी, दुकान उघडलं. कॅलेंडरचं पान मार्चचं. घड्याळ चारला बंद पडलेलं. स्प्रेच्या बाटलीतलं पाणी हिरवं झालेलं. मधल्या खुर्चीचं रेक्झिन उंदरांनी कुरतडून आतला फोम फरशीवर ओढून आणला होता. मी आणि उरलेला कारागीर, आम्ही दोघांनी चार तास फक्त धुतलं. परवानगी फक्त केस कापायची होती, दाढीची नाही. त्यामुळे माणसं अर्धं काम करून उठायची आणि आरशात बघून गालावरून हात फिरवत जायची.

पंधरा दिवस होतात तोच पुणे आणि पिंपरी-चिंचवडला पुन्हा टाळेबंदी लागली, 13 जुलैच्या मध्यरात्रीपासून 23 जुलैपर्यंत. आमच्याकडच्या काही व्यापाऱ्यांनी विरोध केला. घोषणा आणि अंमलबजावणी यांच्यामध्ये शनिवार-रविवार होता. त्या दोन दिवसांत बाजारात जी झुंबड उडाली ती मी डोळ्यांनी पाहिली. माझ्या दुकानासमोर रविवारी सकाळी चाळीस माणसं उभी होती. गर्दी टाळायचा आदेश आणि त्या आदेशानेच झालेली गर्दी. मी निम्म्यांना परत पाठवलं. परत गेलेले तीन तासांनी फोन करून म्हणाले, मग घरी या.

2021 चं तुम्हाला मी काय सांगणार. 4 एप्रिलला, रविवारी, टीव्हीवर ऐकलं की शनिवार-रविवार कडक बंद आणि रात्रीची संचारबंदी. शनिवार-रविवार गेला म्हणजे आमची अर्ध्याहून जास्त कमाई गेली, तरी मनाची तयारी केली. पण आमच्या ग्रुपवर फिरत आलेला आदेश इंग्रजीत होता. वकीलसाहेबांनी तो वाचून फोन केला: "अहो, वीकेंड नाही. तुमचं 30 एप्रिलपर्यंत पूर्ण बंद आहे, सगळे दिवस." 5 तारखेला, सोमवारी, रात्री आठला ते लागू झालं. पाडवा आठ दिवसांवर होता. पाडव्याच्या आधीचे दोन-तीन दिवस आमच्या वर्षातले मोठे दिवस.

गुरुवारी, 8 एप्रिलला, मी शटर वर केलं. चोरून नाही. सकाळी दहाला, सगळ्यांसमोर. दारावर पुठ्ठा लावला, "एकावेळी एकच गिऱ्हाईक. वहीत नाव लिहा." बाजूला लिहिलं, "बंद करायचं तर भाडं कोण देणार ते सांगा." दोन गिऱ्हाइकं झाली. तिसऱ्याच्या अंगावर कापड टाकलं तेवढ्यात गाडी आली. त्याचे अर्धेच केस कापून झाले होते. तो मला म्हणत होता, "मी थांबतो, तुम्ही काळजी करू नका." ठाण्यात मला दुपारी चारपर्यंत बाकावर बसवलं. कुणी हात लावला नाही की वाईट बोललं नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम 188 खाली, सरकारी आदेश मोडल्याचा, गुन्हा दाखल झाला.

त्या आदेशांमागे दोन कायदे होते. एक 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा, ज्याने तुमचं प्राधिकरण उभं राहिलं. दुसरा 1897 चा साथरोग कायदा, जो राज्याने 13 मार्च 2020 ला लागू केला. 1897 हे साल चिंचवडच्या माणसाला शाळेत न जाताही पाठ असतं. प्लेगच्या नावाखाली पुण्यात घराघरांत शिरून ज्या झडत्या झाल्या त्या त्याच साली, आणि 22 जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली ती दामोदर चापेकरांनी, आमच्या चिंचवडच्या. तिघेही भाऊ फासावर गेले. माझी त्यांच्याशी काही बरोबरी नाही आणि आमची पोलीस माणसं म्हणजे रँडचे सोजीर नव्हेत. ती आमच्याइतकीच दमलेली होती, त्यांच्यातलेही कितीतरी गेले. पण रोज त्या चौकातून, त्या पुतळ्यांसमोरून दुकानात जाताना एक विचार येतोच. सव्वाशे वर्षं जुन्या कायद्यात आदेश मोडणाऱ्याला शिक्षा आहे, आदेश काढणाऱ्याला संरक्षण आहे. ज्याचं दुकान बंद केलं त्याच्या भरपाईचा त्यात कंसात ओझरता उल्लेख आहे, "असल्यास" म्हणून; हक्क म्हणून एक ओळ नाही.

13 एप्रिलला, पाडव्याच्या संध्याकाळी, नवे निर्बंध जाहीर झाले आणि सोबत 5,476 कोटींची मदत. रिक्षावाल्यांना 1,500 रुपये, नोंदणीकृत फेरीवाल्यांना 1,500, बांधकाम कामगारांना 1,500. त्यांना मिळाले याचा मला आनंद आहे, माझा मेहुणा रिक्षा चालवतो. मी टीव्हीसमोर बसून यादी संपेपर्यंत वाट पाहिली. त्यात सलूनवाला आला नाही. ज्याला नाव घेऊन बंद केलं त्याचं नाव मदतीत नव्हतं.

मग मी पुन्हा नळदुरुस्तीला जायला लागलो.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मला ताप आला. दोन दिवसांनी दादाला. आम्ही एकाच घरात, वर-खाली. मी आठ दिवसांत उठलो. दादाला खाट मिळायला दीड दिवस लागला, इंजेक्शनासाठी पुतण्या रात्रभर चार मेडिकलांच्या रांगांत उभा होता. 6 मे 2021 ला दादा गेला. वय एकावन्न. कुठल्या घरातून मी तो रोग आणला मला माहीत नाही. मी घरोघर गेलो नसतो तर दादाला तो झाला नसता असंही छातीठोकपणे सांगता येत नाही, तेव्हा तो सगळीकडेच होता. पण रात्री जाग येते तेव्हा मी त्या बंद बाथरूममध्ये असतो.

लोकांनी तेव्हा मला बोल लावले. फीत लावून उभा राहिलो तेव्हाही लावले होते: "लोकांच्या जिवावर उठलाय." वीस वर्षं माझ्याकडे येणाऱ्या एका डॉक्टरांनी बोलणं टाकलं. दवाखान्यातले ते दिवस त्यांनी कसे काढले असतील हे मला कळतं आणि त्यांच्यावर माझा राग नाही. फक्त एवढंच वाटतं, की मी घरोघर जातो हे त्यांना माहीत असतानाही त्यांनी त्यावर कधी हरकत घेतली नाही. हरकत घेतली ती दुकान उघडण्यावर.

दादाच्या दहाव्याला पवनेच्या घाटावर आम्ही पाचजण होतो. पुतण्याचं मुंडण करायला न्हावी पाहिजे. दहाव्याला आम्ही लागतो, जावळाला लागतो, लग्नाच्या सकाळी लागतो; त्या महिन्यांत घाटावर जाऊन कितीतरी घरांतल्या मुलांचे केस मी काढले होते. त्या दिवशी पुतण्या खाली बसला आणि मी वस्तरा उघडला. माझा हात एकवीस वर्षांत पहिल्यांदा थरथरला. त्याच्या डोक्याला उजव्या बाजूला दादासारखाच भोवरा आहे. ते त्या दिवशी दिसलं.

आता ज्या कागदासाठी हे सगळं सांगितलं त्या कागदाकडे येतो. 30 जून 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कोरोनाने गेलेल्यांच्या कुटुंबांना सानुग्रह मदत द्यावीच लागेल. त्यातून 50,000 रुपये ठरले आणि पुढच्या वर्षी वहिनीच्या खात्यात जमा झाले. वकीलसाहेब दाढीला बसले असताना मी त्यांना विचारलं की हे कुठल्या कायद्याने मिळालं. त्यांनी मोबाइलवर तुमचाच 2005 चा कायदा उघडला, कलम 12. आपत्तीत सापडलेल्यांना किमान मदत काय द्यायची हे ठरवायला सांगणारं ते कलम. त्यातल्या एका ओळीत जीव गेल्यास सानुग्रह मदत लिहिली होती. त्याच ओळीत, तिथेच पुढे, घरांच्या नुकसानीसाठी आणि उपजीविकेची साधनं पुन्हा उभी करण्यासाठी साहाय्य असंही लिहिलं होतं. पुढचं कलम 13, जे 2025 च्या दुरुस्तीत वगळलं गेलं, मोठ्या आपत्तीत कर्जफेडीत दिलासा देण्याची शिफारस करू देत होतं. कलम 19 राज्याच्या प्राधिकरणाला, म्हणजे तुम्हाला, राज्यासाठी मदतीचे निकष ठरवायला सांगत होतं. साबण गालावर सुकेपर्यंत ते वाचत होते आणि मी वस्तरा हातात धरून ऐकत होतो.

म्हणजे ज्या कायद्याने तुम्ही माझं दुकान बंद केलं त्याच कायद्यात माझं दुकान पुन्हा उभं करायचंही लिहिलं होतं. दादा गेला त्याचे पैसे त्या ओळीच्या पहिल्या अर्ध्या भागातून आले, तेही न्यायालयात जावं लागलं तेव्हा. दुसरा अर्धा भाग आमच्यासाठी कुणी वाचला नाही. माझ्या गल्लीतली चार सलून कायमची बंद झाली. एकजण आता एमआयडीसीत रात्रपाळीला सुरक्षारक्षक आहे. त्याच्या हातासारखा हात मी पाहिला नाही.

गुन्ह्याचं थोडक्यात सांगतो. 2022 साली सरकारने टाळेबंदीतले 188 चे गुन्हे मागे घेण्याचं जाहीर केलं, चांगलं झालं. पण मी एका सोसायटीच्या क्लबहाऊसमधलं सलून चालवायला घेत होतो, त्यांनी चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला, आणि त्यात माझ्या नावापुढे गुन्हा प्रलंबित आला. तो निघेपर्यंत सात महिने गेले आणि काम दुसऱ्याला मिळालं. ज्यांच्या नावावर असे गुन्हे अजून लोंबकळत असतील ते लोकांनी हेलपाटे न घालता तुमच्या पातळीवरच निकाली काढावेत, एवढी विनंती.

साथ पुन्हा येईल, उद्या नाहीतर पंधरा वर्षांनी, आणि तेव्हा काही काळ दुकानं बंद करावी लागतील. हे मी मान्य करतो. दादाला खांदा देऊन आलेला माणूस ते नाकारणार नाही. पण त्या वेळी यादी करताना तिथे डॉक्टर आणि अधिकारी असतील तसा एक सलूनवाला बसवा, एक फेरीवाला, एक घरकाम करणारी बाई. आम्ही व्हायरसबद्दल काही सांगणार नाही. आम्ही सांगू की हे दार बंद केलं तर माणूस कुठल्या दाराने आत जातो. आणि उपजीविकेच्या त्या उरलेल्या अर्ध्या ओळीचे निकष आत्ताच लिहून ठेवा, साथ नसताना: बंदच्या पहिल्या महिन्यापासून भाड्याचा वाटा किती, टक्केवारीवरच्या कारागिराला किती, हप्त्यांवरच्या व्याजाचं काय. साथीच्या रात्री ते लिहून होत नाही हे आपण पाहिलंय. आदेश मराठीत काढा, आणि टीव्हीवर जे सांगाल तेच त्यात असू द्या.

आमच्या निवेदनाची आवक शिक्का असलेली प्रत या पत्रासोबत जोडतोय. ती पाच वर्षं दुकानात आरशाच्या मागे खोचलेली होती, कडेला पाण्याचे डाग पडलेत, पण अक्षर वाचता येतं.

अशा बैठकीला तुम्ही बोलावलंत तर मी येईन. गाडीभाडं माझं मी करीन. रविवार सोडून कुठल्याही दिवशी बोलवा, मी दुकान बंद ठेवून येतो.

आपला,
चिंचवडगावातला एक सलूनचालक